बायकोला मधुमेह निघालाय आणि स्वयंपाक मी करतो: घरचं जेवण नेमकं कसं बदलू?

प्रश्न थोडक्यात असा. बायकोचं वय ४६. महिन्याभरापूर्वी टाइप २ मधुमेह निघाला, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ८.२. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी घाईघाईत ‘गोड, भात, बटाटा बंद’ एवढंच सांगितलं. घरात स्वयंपाक नवरा करतो. तेव्हापासून तिच्यासाठी वेगळं आणि स्वतःसाठी-मुलांसाठी वेगळं असं रांधणं चाललंय. ती चिडते, तो दमतो, आणि सकाळची शुगर काही १५०च्या खाली यायला तयार नाही.

दोन स्वयंपाक आजपासून बंद करा. तुम्ही काळजीपोटी करताय हे कळतं, पण एकटीच्या ताटात काहीतरी बेचव आणि शेजारी बाकीच्यांचं नेहमीचं जेवण, हे कुणालाही फार दिवस झेपत नाही. मग ताटातलं निमूट संपवायचं आणि मागचं आवरताना ओट्याशी उभं राहून मुलांच्या पातेल्यातले चार घास खायचे, असं सुरू होतं. ताटातलं मोजता येतं. ओट्याशी खाल्लेलं कुणी मोजत नाही, खाणाराही नाही.

मधुमेहाचं म्हणून वेगळं अन्न नसतंच. तेच धान्य, त्याच डाळी, त्याच भाज्या. बदलायचं आहे ते प्रमाण. टाइप २ मध्ये शरीरात इन्शुलिन, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक, असतं, पण यकृत आणि स्नायू त्याला नीट दाद देत नाहीत. शिवाय जेवायला सुरुवात केल्याबरोबर स्वादुपिंडातून इन्शुलिनचा जो पहिला झपाटा यायला हवा, तो उशिरा आणि अपुरा येतो. म्हणून एका बैठकीत किती कर्बोदकं (पोळी, भात, बटाटा, साखर यांतला पचून ग्लुकोज होणारा भाग) पोटात जातात, हा आकडा सगळ्यात आधी बघायचा. गोड किती खाल्लं हा त्याचाच एक भाग, आणि बऱ्याच घरांत तो लहान भाग असतो. ‘मी साखर कधीच सोडली, तरी शुगर का वाढते?’ असं विचारणाऱ्यांच्या ताटात बहुतेक वेळा तीन पोळ्या आणि वर भात असतो.

एक साधं रात्रीचं जेवण घेऊ. तीन पोळ्या, वाटीभर भात, बटाट्याची भाजी, पातळ डाळ. ३० ग्रॅम पिठाच्या एका पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे तिन्हींची ६०. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात ४०. शंभर ग्रॅम बटाट्यात २०च्या आत-बाहेर. पातळ डाळीत माणशी जेमतेम १५ ग्रॅम कच्ची डाळ येते, तिची ९-१०. एकूण १३० ग्रॅम, एका बसणीला. यात साखरेचा कण नाही आणि कुणी आधाशासारखंही खाल्लेलं नाही.

आता तेच पदार्थ असे वाढा: एक पोळी, अर्धी वाटी भात, माणशी ३० ग्रॅम कच्च्या डाळीची दाट डाळ, दोनशे ग्रॅम भाजी (फरसबी, कोबी, दुधी, पालक, काहीही पालेदार किंवा पाणीदार) आणि वाटीभर दही. कर्बोदकं सत्तरच्या आसपास आली, त्यातलेही काही ग्रॅम तंतू म्हणजे फायबर. प्रथिनं कमी झाली नाहीत, उलट थोडी वाढली. पोट तेवढंच भरतं आणि भात ताटात आहेच. मुख्य जेवणात मी सहसा ५० ते ७० ग्रॅमपासून सुरुवात करायला सांगते. मग ते आणखी कमी करायचं की तेवढंच ठेवायचं, हे ग्लुकोमीटर, म्हणजे बोट टोचून घरी शुगर मोजायचं यंत्र, सांगतो. सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही; उंची, वजन, दिवसभराची हालचाल आणि औषध यांवर तो ठरतो.

ताट वाढायची सोपी रीत अशी: नऊ इंची ताट घ्या. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट प्रथिनं (दाट डाळ, कडधान्यं, अंडी, पनीर, मासे, चिकन), पाव ताट धान्य. बटाटा, रताळं, मका आणि ताजे मटार भाजीत धरायचे नाहीत, ते धान्याच्या पाव भागात. बटाट्याची भाजी केली तर त्या दिवशी भात नाही, एवढाच नियम. बटाटा ‘बंद’ करायची गरज नाही. मुलांना हेच जेवण द्या. वाढत्या वयाची आहेत, त्यांनी पोळी-भात जास्त घ्यावा. भांडी तीच, फक्त पळ्या कमी-जास्त.

खरी मेख त्या अर्ध्या ताटात आहे. धान्य कमी करणं कुणालाही सुचतं, पण त्या रिकाम्या जागी दोनशे ग्रॅम भाजी आली नाही तर रात्री दहाला बिस्किटाचा पुडा उघडतो. आणि माणशी दोनशे ग्रॅम म्हणजे चौघांना जवळजवळ किलोभर भाजी होते. दिवसभर काम करून आलेला माणूस संध्याकाळी सातला किलोभर भाजी निवडत बसणार नाही. त्यामुळे आठवड्यातून दोनदा, तास-दीड तास काढून, भाज्या धुऊन चिरून ठेवा. फरसबी, कोबी, फ्लॉवर, गाजर, सिमला मिरची चिरून तीन-चार दिवस नीट राहतात. डब्यात तळाला कोरडा कपडा किंवा कागद घाला आणि भाजी ओली ठेवू नका. पालेभाजी निवडून ठेवा, धुवायची मात्र करायच्या वेळी.

दुसरी अडचण चवीची. एवढी भाजी रोज खायची तर ती चविष्टच हवी. बहुतेक घरांत ती मऊ होईपर्यंत झाकून शिजवतात; तिला पाणी सुटतं आणि तिसऱ्या दिवशी कुणी वाढून घेत नाही. रुंद कढई घ्या, आच मोठी ठेवा, भाजी कोरडी करून घाला. कढईत एका वेळी एका थरापेक्षा जास्त भरू नका, भाजी जास्त असेल तर दोन घाण्यांत करा. गर्दी झाली की भाजी परतली जात नाही, वाफवली जाते. फ्लॉवर किंवा फरसबीच्या कडा तपकिरी झाल्या की मीठ घाला, आधी घातलं तर पाणी सुटतं. उतरवताना लिंबू. तेल चौघांत मिळून तीन-चार चमचे पुरतं, आणि इथे चमचा म्हणजे पाच मिलीचा चहाचा चमचा. बाटली कढईवर धरून अंदाजाने ओतायची सवय असेल तर ती मोडा. एका चमच्यात साधारण ४० कॅलरी असतात, आणि हाताने ओतलेला ‘एक चमचा’ मोजून पाहिला तर हमखास तीन निघतात.

तेलाचं मुद्दाम बोलते, कारण कर्बोदकं कमी करणारी बरीच माणसं ती भूक तेल, तूप, चीज आणि सुक्या मेव्यावर भागवतात. शुगरचा आकडा दोन आठवडे छान दिसतो, वजन मात्र हलत नाही. ३० ग्रॅम बदाम किंवा शेंगदाणे म्हणजे १७०-१८० कॅलरी. लहान वाटीत काढून खा, डबा मांडीवर घेऊन नको. मिठाचंही तसंच. मधुमेहासोबत रक्तदाब बऱ्याचदा असतोच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे सगळं धरून एक चमचाही नाही. लोणचं, पापड, सॉस, इन्स्टंट सूप हेही त्या हिशोबात येतं.

पोळी. गोळा एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहा. ४५ ते ५० ग्रॅमच्या गोळ्यात साधारण ३० ग्रॅम पीठ असतं. ‘छोट्या दोनच पोळ्या’ खाणाऱ्यांचे गोळे ८० ग्रॅमचे निघालेले मी पाहिलेत, म्हणजे त्या दोन पोळ्या खरं तर साडेतीन. आठवडाभर मोजलं की हाताला अंदाज येतो, मग काटा ठेवून द्या. पिठात चौथा हिस्सा हरभऱ्याचं पीठ मिसळलं तर प्रथिनं आणि तंतू वाढतात, चव बिघडत नाही. अर्ध्याच्या वर गेलात तर पोळी लाटताना फाटते आणि गार झाली की कडक होते. बाजारातल्या ‘मल्टिग्रेन’ पिठाच्या मागची यादी वाचा; पुष्कळदा पहिलं नाव गव्हाचंच असतं आणि बाकी धान्यं चिमटीभर. रोजच्या पोळ्यांची संख्या तीच ठेवून पीठ बदलल्याने फार काही होत नाही.

भात. तांदूळ मोजून घेणं सोपं: ५० ग्रॅम कच्च्या तांदळाचा साधारण दीडशे ग्रॅम भात होतो. दाणा मोकळा राहील असा करा, फार मऊ शिजवलेला भात लवकर पचतो आणि शुगर झपाट्याने चढवतो. उकडा तांदूळ किंवा लांब दाण्याचा तांदूळ थोडा बरा. ब्राउन राइस आवडत असेल तर जरूर खा, त्यात तंतू जास्त असतात, पण वाटीमागे कर्बोदकं जवळपास तेवढीच, त्यामुळे वाटी मोठी करायची मुभा मिळत नाही. भाताच्या पातेल्यात निम्म्याला निम्मा फ्लॉवर, फरसबी, गाजर घालून केलं तर ताट भरलेलं दिसतं आणि मुलंही तेच खातात. रात्रीचा भात फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गरम करून खाल्ला तर शुगर कमी वाढते, असं तुम्ही वाचलं असेल. त्यात तथ्य आहे, थंड होताना काही स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातो. पण फरक थोडा असतो, दोन वाट्या खाण्याइतका नाही. आणि भात ओट्यावर रात्रभर उघडा ठेवायचा नाही; त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. तास-दीड तासात फ्रिजमध्ये, आणि एकदाच गरम.

खाण्याचा क्रम फुकटात मिळणारा फायदा आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. टाइप २ असलेल्या आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या लोकांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी, कर्बोदकं शेवटी, असं खाल्लं तेव्हा जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. माणसं फक्त ११ होती, त्यामुळे आकड्यांवर फार भार देऊ नका, पण स्वतःच्या मीटरवर हे कुणालाही पडताळून पाहता येतं. घरात याचं रूप सोपं आहे: पोळ्या होईपर्यंत सगळ्यांनी कोशिंबीर आणि भाजी खायला सुरुवात करायची, डाळ वाटीतून प्यायची, पोळी-भात मग. भुकेल्या मुलांच्या पोटात भाजी जाण्याची हीच एक वेळ असते, हा वरचा लाभ.

नाश्त्याकडे जास्त लक्ष द्या. सकाळच्या वेळी इन्शुलिनला शरीर अधिक अडवतं, त्यामुळे बऱ्याच जणांचा दिवसातला सगळ्यात उंच आकडा नाश्त्यानंतर येतो. जॅम लावलेले ब्रेडचे दोन स्लाइस, कॉर्नफ्लेक्स, फळाचा रस, गोड चहा यांतलं काही नाश्त्यात असेल तर बदल तिथून सुरू करा. दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि एक पोळी, मोड आलेल्या कडधान्यांची परतलेली वाटी, डाळी भिजवून वाटून केलेली धिरडी, किंवा चक्क रात्रीची दाट डाळ-भाजी. ओट्स घ्यायचे तर जाड, साधे. फोडणी दिलेल्या चवीच्या पाकिटांत बारीक, लवकर शिजणारे ओट्स आणि भरपूर मीठ असतं.

चहा-कॉफी विसरली जाते. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे आठ चमचे, तीस-पस्तीस ग्रॅम साखर, तीही द्रवरूपात. एका झटक्यात बंद करता आली तर उत्तम. नाहीतर दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. महिन्यात जिभेला सवय होते. गूळ आणि मध ‘नैसर्गिक’ म्हणून घेऊ नका. रक्ताच्या दृष्टीने ती साखरच. कृत्रिम गोडव्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जो सल्ला दिला, तो वजन उतरवण्यासाठी त्यावर विसंबू नका असा होता, आणि आधीच मधुमेह असलेल्यांना तो लागू नाही असं त्यातच म्हटलंय. चहात एक गोळी टाकण्यावर मी कुणाशी वाद घालत नाही. ‘शुगर फ्री’ बिस्किटांवर मात्र घालते. त्यात साखर नसते, मैदा आणि तेल असतं. पाकिटामागे ‘टोटल कार्बोहायड्रेट’ची ओळ वाचा, ‘शुगर’ची नको.

फळं खावीत. अख्खी, चावून, एका वेळी एक मध्यम सफरचंद, संत्रं किंवा पेरू. केळं लहान किंवा अर्धं. जेवणावर ढकलण्यापेक्षा मधल्या वेळेला चार दाण्यांसोबत. रस नको, घरी काढलेलाही नको. तीन संत्र्यांची साखर एका ग्लासात येते आणि चोथा गाळणीत राहतो. मेथीदाणे, दालचिनी, कडू रस यांविषयी नातेवाईक सांगतील. मेथीदाणे खायला हरकत नाही, तंतूच आहेत. त्यापायी गोळी चुकली तर मात्र महागात पडेल.

गोळीचा विषय निघालाच आहे तर इथे थांबून एक गोष्ट नीट बघा: तिला मेटफॉर्मिन एकटंच आहे की सोबत आणखी काही? एकट्या मेटफॉर्मिनने शुगर धोकादायक खाली जाणं दुर्मिळ. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशी गोळी किंवा इन्शुलिन असेल, तर ताटातली कर्बोदकं अचानक निम्मी केल्याने शुगर ७०च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, गोंधळ ही लक्षणं. तेव्हा लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर कर्बोदकं जवळजवळ बंद करणारे आहार किंवा लांबलचक उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नकोत. शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. म्हणजे स्वयंपाक बदलण्याआधी डॉक्टरांना एक फोन. ‘कर्बोदकं निम्मी करतोय, डोस तोच ठेवू ना?’ इतकंच विचारा. मेटफॉर्मिन जेवणासोबत घेतलं की मळमळ, जुलाब कमी होतात. ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, तेव्हा ते अधूनमधून तपासून घ्या. मूत्रपिंडाच्या तपासण्या (क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन) झाल्या नसतील तर करून घ्या. त्यात दोष असेल तर प्रथिनांचं गणित बदलतं, आणि प्रोटीन पावडर तर त्याआधी आणूच नका.

आता सकाळच्या दीडशेबद्दल. उपाशीपोटीचा आकडा वाढला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘काल रात्री काय खाल्लंस?’ हा प्रश्न बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन ही संप्रेरकं वाढतात, यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं, आणि ते आवरायला लागणारं इन्शुलिन कमी पडतं. म्हणून रात्री दहाला ११० आणि सकाळी सातला १५० असं मधे काही न खाताही होतं. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतावरच काम करतं, पण त्याचा डोस काही आठवड्यांत हळूहळू वाढवत नेतात, आणि सुरू होऊन महिनाच झालाय. झोप आणि वजन यांचाही सकाळच्या आकड्यावर परिणाम होतो. तुमच्या स्वयंपाकाची परीक्षा या आकड्यात होत नाही.

ती होते जेवणाआधीच्या आणि नंतरच्या जोडीत. पहिल्या घासाच्या आधी एकदा तपासा आणि त्या घासापासून मोजून दोन तासांनी एकदा. फरक चाळीस-पन्नासच्या आत असेल तर ते ताट तिला मानवतं. ८०-१०० असेल तर त्या ताटातलं धान्य अजून कमी, किंवा भाजी जास्त. रोज दहादा बोट टोचायची गरज नाही. आठवड्यातून तीन-चार जेवणं निवडा, नेहमी होणारी. वहीत ताटात काय होतं ते दोन शब्दांत आणि दोन आकडे. महिन्यात तिच्या शरीराची स्वतःची यादी तयार होते, आणि ती कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा कामाची असते. एकीला अर्धी वाटी भात चालतो आणि ब्रेड चालत नाही, दुसऱ्याचं उलट. बऱ्याच रुग्णांसाठी सर्वसाधारण लक्ष्य उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८०च्या आत असं धरतात, पण तिचं लक्ष्य तिच्या डॉक्टरांकडून घ्या. टोचण्याआधी हात साबणाने धुवायला सांगा, खासकरून फळ चिरलं-सोललं असेल तर. बोटाला लागलेल्या रसाने मीटर खोटा आकडा वर दाखवतो, आणि नुसतं स्पिरिट पुसून तो रस पुरता जात नाही.

यात तुमची जागा कुठे, हेही सांगते, कारण चिडचिडीचं मूळ तिथे आहे. काय आणायचं, काय रांधायचं, तेल किती घालायचं हे तुमचं. ताटात किती वाढून घ्यायचं हे तिचं. पाहुण्यांसमोर ‘तुला चालतं का हे?’ म्हणू नका. तिने दुसरा लाडू उचलला तर भुवई वर जाऊ देऊ नका. वहीतले आकडे तिने लिहावेत, तुम्ही मागितल्याशिवाय बघू नयेत. आठवड्यातून एकदा, जेवणाच्या वेळी नव्हे, दोघांनी बसून पुढच्या आठवड्याच्या भाज्या आणि नाश्ते ठरवावेत. गोडाचा प्रसंग आला तर रिकाम्या पोटी नको, जेवणानंतर लहान वाटीत, आणि त्या जेवणात भात नाही. हा हिशोब ती स्वतः करू लागली की निम्मी भांडणं मिटतात. सुरुवातीला दुःख, राग, ‘मलाच का’ हे सगळं येतं, आणि ते स्वयंपाक करणाऱ्यावर निघतं. ताटातलं मीठ कमी असल्याची तक्रार दर वेळी मिठाबद्दल नसते.

जेवल्यावर दहा मिनिटं चाला, दोघंही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या २०१६ च्या अभ्यासात टाइप २ असलेल्या ४१ जणांनी प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटं चालून पाहिलं, आणि दिवसातून कधीतरी सलग तीस मिनिटं चालूनही पाहिलं. जेवणानंतर चालल्याने साखर सरासरी १२ टक्के कमी वाढली, आणि सगळ्यात जास्त फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला. भांडी नंतर घासा.

वजन जास्त असेल तर आत्ताचे दिवस मोलाचे आहेत. ब्रिटनमध्ये झालेल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत, ज्यांना मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत झाली होती अशा लोकांनी देखरेखीखाली वजन उतरवलं, आणि वर्षाअखेर त्यांतले ४६ टक्के औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आले. पंधरा किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. ते लोक काही महिने जवळपास ८५० कॅलरींच्या द्रव आहारावर होते, घरी स्वतःच्या मनाने करायची गोष्ट नव्हे ती. पण पाच-दहा टक्के वजन साध्या घरच्या जेवणावरही उतरतं आणि त्याचा फरक शुगर, रक्तदाब, दोन्हीत दिसतो. ती मुळातच सडपातळ असेल तर मात्र वजन उतरवण्याच्या मागे लागू नका आणि हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करा, आधी नको. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. ८.२ म्हणजे सरासरी शुगर १८९च्या आसपास, ७ म्हणजे १५४. सोबत हिमोग्लोबिनही बघा. या वयात पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांमध्ये लोह कमी असतं, आणि लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो. ताटं नीट असूनही आकडा उतरला नाही तर औषध वाढवायची वेळ आली असं समजा आणि तसं करून घ्या, जेवण आणखी कापत बसू नका.

आणि शुगर उतरू लागली की पहिले काही आठवडे तिला अंधूक दिसू शकतं किंवा चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटू शकतो. डोळ्यातल्या भिंगातलं पाणी कमी-जास्त होत असतं, ते स्थिरावतं. नवा चष्मा करायला दीड-दोन महिने थांबा. डोळ्याच्या पडद्याची तपासणी मात्र याच महिन्यात करून घ्या, टाइप २ मध्ये ती निदान झालं की लगेच करायची असते.